बदली झाली की बघू

देवयानीकाकूला कलकत्त्यातल्या मराठी घरांत आता हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. ती विधवा आहे म्हणून बोलावत नसतील, असं बाहेरच्याला वाटेल. पण तसं नाही. इथल्या बायका त्या बाबतीत बऱ्याच पुढे गेल्या आहेत. दिगूकाका गेल्यावरही सुरुवातीच्या संक्रांतींना तिला आग्रहाची आमंत्रणं आली. ती बंद झाली सॉल्ट लेकमधल्या विजयाताईंच्या हळदीकुंकवानंतर.

विजयाताईंचे यजमान सरकारी बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्या दिवशी हॉलभर बायका बसल्या होत्या. तिळगूळ झाला, वाणाच्या गाळण्या वाटून झाल्या, हातात मटारकरंजीच्या बशा आल्या. आईबरोबर मीही गेले होते. यजमान दिसत नाहीत, असं कोणीतरी म्हणालं तेव्हा विजयाताई म्हणाल्या, "आत पडलेत. त्यांचं ते मूळव्याधीचं परत सुरू झालंय. इथलं पाणीच मानवत नाही बाई आपल्या लोकांना."

काकूने बशी खाली ठेवली. "रक्त जातं?"

"अगं देवयानी, खाताना काय हे."

"मग खाऊ नकोस. रक्त जातं का?"

"कधीमधी. मलम आहे त्यांचं."

"ज्याने मलम दिलं त्याने आत बघितलं होतं का? आतड्यात नळी घालून? की तुझे यजमान दारातूनच मूळव्याध म्हणाले आणि त्याने लिहून दिलं?"

कोणीतरी घाईघाईने म्हणालं, चला, आता उखाणे होऊन जाऊ देत.

"घ्या ना," काकू म्हणाली. "मीही घ्यायचे. मी इथे बसून दिगंबररावांचं नाव घेत होते आणि ते घरी संडासात रक्त टाकत होते. तेही मूळव्याधच म्हणायचे."

त्यानंतर कोणाला उखाणा सुचला नाही.

विजयाताईंच्या यजमानांनी पुढे गुपचूप तपासणी करून घेतली. निघाली मूळव्याधच. तेव्हापासून विजयाताई सगळीकडे सांगतात की देवयानीने आम्हाला उगाच घाबरवलं. काकूच्या कानावर हे आलं तेव्हा ती म्हणाली, "छान झालं. आधी त्यांना वाटत होतं, आता त्यांना माहीत आहे."

लोक तिला तोंडाळ म्हणतात. ती जन्मापासून तशी नव्हती.

काकू मूळची इथलीच. तिचे आजोबा छापखान्याच्या कामासाठी कलकत्त्यात आले आणि बागबाजारात राहिले. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने शहराभोवती जो खंदक खणला गेला, त्याची सुरुवात याच भागात होती. त्या स्वारांना बंगाली लोक बर्गी म्हणायचे. त्यामुळे गल्लीतला मासेवाला आजही तिला बर्गीदी म्हणतो आणि खंडणी म्हणून दोन कोळंब्या जास्त टाकतो. काकू मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. बंगाली तिच्या तोंडी मराठीइतकीच आहे, भांडणापुरती तर थोडी जास्तच.

इथल्या मराठी लोकांत दोन प्रकार आहेत. एक काकूच्या माहेरासारखे मुक्कामी, पिढ्यान् पिढ्या राहिलेले. दुसरे आमच्यासारखे बदलीवाले: बँक, विमा, रेल्वे, केंद्र सरकार. बदलीवाल्यांचं घर दारातच ओळखू येतं. भिंतीला खिळा नसतो. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असतं. पुस्तकं खोक्यांत, जाडजूड गाद्या ट्रंकेत. पडदे शिवायचे? बदली झाली की बघू. बंगाली शिकायचं? आता कशाला, बदली झाली की काय उपयोग. दात दुखतोय? लवंग धर, बदली झाली की आपल्या डॉक्टरला दाखवू. आयुष्यातली निम्मी कामं आम्ही अशी पुढच्या गावी ढकलतो आणि पुढच्या गावी गेलो की त्याच्या पुढच्या.

दिगूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. विमा कंपनीत पहिल्याच नेमणुकीवर कलकत्त्यात आले, मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत गायले आणि काकूच्या नजरेत भरले. तिचे वडील म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे, पण बदलीवाला आहे. ह्यांचं सामान कधी उलगडत नाही." तिने तरीही लग्न केलं. रायपूर, नाशिक, संबळपूर अशी फिरून ती दोघं परत कलकत्त्याला आली. त्यांना मूल नाही. काका फार गोड माणूस होता. मला त्याने सायकल शिकवली, आणि मी पडले की स्वतःही शेजारी आडवा व्हायचा.

परत आल्यानंतर वर्षभरात त्याला खरा त्रास सुरू झाला. पोट साफ होईना. कधी बद्धकोष्ठ, कधी उलट. शौचातून रक्त. काकाने निदान स्वतःच केलं: इथलं पाणी जड, त्यात मोहरीचं तेल. दिवाळीला नाशिकला घरी गेला, ज्वारीची भाकरी आणि ताक घेतलं, आणि तेवढ्या दिवसांत रक्त थांबलं. झालं सिद्ध. परत आला आणि ज्याला त्याला सांगायला लागला, "बघा, तिकडे गेलो की ठणठणीत."

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, न्यू टाउनमध्ये. आमच्याकडे एखादी यंत्रणा अधूनमधून बंद पडते आणि आपोआप चालू होते. तेव्हा आपोआप चालू झाली म्हणून कोणी पेढे वाटत नाही. उलट तेव्हाच जास्त भीती वाटते, कारण बिघाड आत आहे आणि तो दिसत नाही. आतड्यातली गाठही रोज रक्त टाकत नाही. ती थांबते, परत टाकते. ती थांबली तेव्हा काका भाकरी खात होता, एवढंच. आणि या एवढ्याशा योगायोगावर आमच्या शिकल्यासवरल्या घराने दोन वर्षं काढली. त्या घरात एक इंजिनिअर होता, एक विमा अधिकारी होता, ज्याचं काम लोकांच्या जिवाचा धोका मोजण्याचं होतं.

काका डॉक्टरकडे गेलाच नाही असं नाही. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात संध्याकाळी डॉक्टर बसायचे, तिथे गेला. आत शिरतानाच म्हणाला, "मला मूळव्याध आहे." संबळपूरची जुनी चिठ्ठी दाखवली; तेव्हा नुसती आग व्हायची, रक्त नव्हतं. संबळपूरच्या डॉक्टरांनी नाशिकच्या चिठ्ठीवरून ती लिहिली होती आणि नाशिकची चिठ्ठी काकाच्या तोंडी सांगण्यावरून. गावोगावी नवा डॉक्टर, आणि प्रत्येकाने आधीच्याचं वाचून पुढे लिहिलं. तपासलं कोणीच नाही. मधल्या काळात तो फिकट पडला, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा त्याला लोहाचं टॉनिक दिलं. रक्त जातंय कुठे, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

आणि हे कुठे, तर कलकत्त्यात. या गावात पोट हा चारचौघांत बोलायचा विषय आहे. सकाळी चहाच्या टपरीवर मोठमोठे वकील एकमेकांना विचारतात, "पेट परिष्कार?" म्हणजे पोट साफ झालं का. अंबल म्हणजे पित्त, गॅस, इसबगोल यांवर तासन् तास बोलणं चालतं. पण रक्ताचं कोणी काढत नाही. तिथे बंगालीही गप्प आणि मराठी तर आधीपासूनच गप्प. काकूने काकाला कितीदा म्हटलं, चला, मोठ्या इस्पितळात दाखवू, माझी मावसबहीण तिथे आहे. काका म्हणायचा, "पुण्याला बदलीचा अर्ज टाकलाय ना. तिकडे आपली माणसं, आपली भाषा. असलं काही बंगालीत कसं सांगायचं?"

"मी सांगते ना बंगालीत."

"तू माझं ते सांगणार? नको गं."

बदली झाली. पुण्याचीच झाली. ऑर्डर आली तेव्हा काका इस्पितळात होता. आतडं गाठीने बंद झालं होतं, तातडीने पोट उघडावं लागलं. गाठ मोठ्या आतड्यात होती आणि यकृतात पोचली होती. काका अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. ऑफिसातले लोक पेढे घेऊन अभिनंदन करायला आले, कारण त्यांना एवढंच कळलं होतं की दिगंबरचं पुण्याचं काम झालं आणि किरकोळ ऑपरेशन आहे. काकू सांगते, त्या पेढ्यांचा खोका तिने खिडकीतून फेकला. मी विचारलं, खरंच? ती म्हणाली, "नाही. बशीत काढून दिले सगळ्यांना. फेकायला हवा होता."

पुढचा प्रकार मला सगळ्यात जास्त संताप आणतो.

माझी सुधाआत्या, म्हणजे काका आणि बाबा दोघांची मोठी बहीण, इंदूरला असते. तिच्या मुलीचं, कादंबरीचं, तेव्हा लग्न ठरत होतं. मामाला कॅन्सर म्हटल्यावर सासरचे काय म्हणतील? शिवाय आत्याला रक्तदाब. तेव्हा ठरलं की तिला सांगायचं नाही. बाबांनी ठरवलं, आजीने मान डोलावली आणि काकाने स्वतः काकूचा हात धरून सांगितलं, ताईला कळू देऊ नकोस. शेवटी शेवटी यकृतामुळे काका हळदीसारखा पिवळा पडला. आत्या भेटायला आली तेव्हा तिला डोळ्यांनीच कावीळ दिसली. बाबा म्हणाले, "कावीळ बिघडली." सगळ्या नातेवाइकांत, मंडळात, ऑफिसात तेच गेलं. दिगंबर काविळीने गेला. कादंबरीचं लग्न थाटात झालं. ते कधीच झालं, तिला आता शाळेत जाणारी मुलगी आहे. कावीळ मात्र तशीच राहिली.

काकाच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं: इतक्या कमी वयात झालाय, सख्ख्या भावंडांनी आतडं तपासून घ्या. काकूने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, हो वहिनी, घेतो. आत्याला सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण तिच्या भावाला कावीळ झाली होती.

बाबा म्हणजे गजानन, रेल्वेत अधिकारी. त्यांची कलकत्त्याला बदली झाली ती काका गेल्यानंतर चारेक वर्षांनी. गार्डन रीचला, नदीजवळच्या क्वार्टरमध्ये ते आणि आई राहतात. मी न्यू टाउनमध्ये मैत्रिणींबरोबर, रविवारी घरी. गेल्या पावसाळ्यात आईने काकूला फोन केला. मला नाही केला. काकूला केला, कारण काकूला सगळं सांगता येतं, ती दचकत नाही. "वहिनी, ह्यांचे पायजमे मी वेगळे भिजवते हल्ली. मला म्हणतात, कोणाला सांगू नकोस. मूळव्याध आहे म्हणतात."

रविवारी सकाळी काकू बस आणि मग ऑटो करून गार्डन रीचला आली. हातातली संदेश मिठाईची पेटी टेबलावर आपटली. बाबा पेपर वाचत होते.

"या वहिनी. चहा?"

"भाऊजी, केव्हापासून?"

बाबांनी आईकडे बघितलं. आई ओट्याकडे वळली.

"हेमाकडे बघू नका. माझ्याकडे बघा. केव्हापासून जातंय रक्त?"

"चैत्राली समोर आहे, वहिनी."

"तिच्याचसाठी विचारतेय. तीही याच रक्ताची आहे."

"अहो, काही नाही. इथलं पाणी. नागपूरला होतो तेव्हा काहीसुद्धा नव्हतं. आता मार्चपर्यंत बदली होईल, तिकडे गेलो की दाखवतो. आपला डॉक्टर आहे तिथे."

काकू खुर्चीवर बसली. मला वाटलं ती आता ओरडेल. ती अगदी हळू बोलली. "शब्दसुद्धा तेच. तुम्ही दोघा भावांनी पाठ करून ठेवलंय का?"

"दादाचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? सांगा ना. त्यांना कावीळ होती आणि तुम्हाला मूळव्याध आहे, हेच ना?"

बाबा चिडले. "तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं, वहिनी. विजयाताईंकडे काय तमाशा केलात, मला कळलंय. आम्हाला इथे चार माणसांत राहायचंय."

"राहा ना. चार माणसांत राहायला आधी जिवंत राहायला हवं." ती माझ्याकडे वळली. "चैत्राली, तुझ्या बापाला विचार, घरातला गिझर बिघडला की हा तो उघडून बघतो की नाही. इंजिनिअर आहे ना हा? गिझरला कधी म्हणतो का, पाणी मानवत नाहीये तुला, बदली झाली की बघू?"

मला हसू आलं. बाबांना नाही आलं. ते उठून आत गेले. काकूने त्यांच्यामागे, बंद दाराकडे बघून, मोठ्याने सांगितलं की शुक्रवारची वेळ घेतली आहे, आणि तुम्ही आला नाहीत तर मी तुमच्या ऑफिसात येईन आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगेन की माझ्या दिराच्या पायजम्याला रक्त लागतं.

"ही येईल," आई दाराशी जाऊन म्हणाली. "तुम्हाला माहितेय ही येईल."

शुक्रवारी आम्ही चौघं गेलो. डॉक्टर बंगाली होत्या, सुचित्रा पाल, पन्नाशीच्या, रोखठोक. त्यांनी त्रास विचारला. बाबांनी सवयीने सुरुवात केली, "मला मूळव्याध आहे."

"ते मी ठरवीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त काय होतं ते सांगा."

मग त्यांनी विचारलं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर? आईवडील, सख्खी भावंडं?

"नाही," बाबा म्हणाले. "मोठे बंधू लवकर गेले. पण ते काविळीने."

त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, असं मला आजही वाटतं. घाबरलेला माणूस होता, समोर डॉक्टर होती, त्याला जगायचं होतं. पण ते वाक्य इतकी वर्षं इतक्या ठिकाणी बोलून झालं होतं की आता ते आपोआप बाहेर पडलं. लग्नाच्या स्थळांसाठी शोधलेली थाप माझ्या वडिलांनी स्वतःच्या डॉक्टरला सांगितली. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे निघाल्या.

काकू उठून उभी राहिली. ती बंगालीत बोलत होती, डॉक्टरांना नीट कळावं म्हणून. "ते बंधू माझा नवरा होता. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. कळला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. यकृतात गेला म्हणून पिवळा पडला. ह्यांनी स्वतः त्याला खांदा दिलाय."

"वहिनी, इथे कशाला," बाबा मराठीत म्हणाले.

"मग कुठे, भाऊजी?" आता ती मराठीत आली, आणि आवाज चढला. बाहेर बसलेल्या लोकांनी माना वळवल्या. "मंडळात नको. नातेवाइकांत नको. मुलीच्या लग्नात नको. आता डॉक्टरच्या खोलीतही नको? ते मेले ना हो त्याने. एवढा मरून गेला माणूस, आणि त्याच्या मरणाचा तुम्हाला उपयोगसुद्धा करून घेता येत नाही?"

आईने पदर तोंडावर धरला होता. डॉक्टरांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी पेन ठेवलं आणि बाबांना हिंदीत विचारलं, "भावाचं कळलं तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होतात?"

"त्रेचाळीस."

"त्याच वर्षी यायला हवं होतं. घरात सख्ख्या माणसाला झाला, तर बाकीच्यांनी चाळिशीला तपासायचं, किंवा त्याला ज्या वयात कळला त्याच्या दहा वर्षं आधी. जे आधी येईल ते. त्रास असो नसो. आणि रक्त जात असेल, तर वय कितीही असू दे, लगेच." मग काकूकडे बघून त्या बंगालीत म्हणाल्या, "बसा दीदी. बरं झालं आलात."

तपासणीच्या आदल्या दिवशी आतडं रिकामं करण्यासाठी पावडर कालवलेलं पाणी प्यायचं असतं, भरपूर. काकू पहारा द्यायला गार्डन रीचला येऊन राहिली. बाबा प्रत्येक ग्लासला तोंड वाकडं करायचे.

"मानवतंय का पाणी?" काकू विचारायची.

"पुरे हं वहिनी."

"नाही, विचारते आपलं. इथलंच आहे, गार्डन रीचचं."

एकदा आई हसली, मग बाबाही हसले, आणि ग्लास अर्धा टाकून पळाले. काकू हसली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना गुंगीचं इंजेक्शन देऊन आत नेलं. आम्ही तिघी बाहेर. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात फोटो होते. आतड्याच्या भिंतीवर देठावर उगवलेली गाठ, सुपारीएवढी. दुसरी एक लहान. दोन्ही नळीतूनच तारेच्या फासाने मुळापासून कापून काढल्या होत्या. पोटावर कुठे टाकासुद्धा नाही. मूळव्याधही आहे, त्या म्हणाल्या. एक असली की दुसरं नसतं असं थोडंच आहे. गाठ तपासायला पाठवतो, पण कॅन्सर झालेला दिसत नाही. ठेवली असती तर पुढेमागे झाला असता.

आई रडायला लागली. मी तिला धरलं. काकू फोटो हातात घेऊन बघत होती.

"किती वेळ लागला?" तिने विचारलं.

"कशाला? कापायला? सगळं धरून अर्धा तास."

"आणि घरी?"

"आज संध्याकाळी जातील. उद्या भात खाऊ देत."

काकू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. तिचा चेहरा बघून डॉक्टरांनी बंगालीत विचारलं, दीदी, चांगली बातमी आहे ही, कळलं ना?

"कळलं," काकू म्हणाली. तिने फोटो माझ्या हातात दिले. मग कोणालाच उद्देशून नाही, अशी म्हणाली, "अर्धा तास. एवढंच होतं ते."

मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ती रडली नाही. काकाच्या तोंडून बंगालीत निघाली नसती अशी दोन वाक्यं, एक दिवसाचा उपास, अर्धा तास. ह्याच्याऐवजी काकाला वर्षभर केमोथेरपी, कापलेलं पोट, पिशवी लावलेली कूस आणि पिवळे डोळे मिळाले, आणि वर लोकांना सांगायला एक थाप. बाबा वाचले याचा आनंद तिला होताच. पण त्या आनंदाच्या आतून तिला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की काका किती स्वस्तात वाचला असता.

गाठीचा रिपोर्ट आला. पेशी बदलायला लागल्या होत्या, कॅन्सर झाला नव्हता. तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं. त्या रविवारी आईने पुरणपोळी केली होती आणि काकूला बोलावलं होतं. जेवण चाललं असताना इंदूरहून सुधाआत्याचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर घेतला.

"गजा, इस्पितळात गेला होतास म्हणे? हेमा म्हणाली."

"हां, ताई. काही नाही गं. पोटाचं जरा. तपासलं, काही निघालं नाही. इथलं पाणी, तुला माहितेय ना."

मी बाबांकडे बघत राहिले. आईचा वाढता हात थांबला. काकूने तोंडातला घास गिळला, हात न धुताच फोन आपल्याकडे ओढला. पडद्यावर तुपाचं बोट उमटलं.

"सुधाताई, मी देवयानी. ह्यांच्या आतड्यात गाठ निघाली. काढली, वेळेत. तुम्हालाही तपासायला हवं, लगेच. कारण दिगंबरना कावीळ नव्हती. त्यांना आतड्याचा कॅन्सर होता."

पलीकडे टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती, ती ऐकू येत होती.

"मी आले होते तेव्हा?" आत्या म्हणाली.

"तेव्हाही."

"तू त्याच्या कपाळावर हात ठेवून मला म्हणालीस, ताई, कावीळ उतरेल."

"म्हणाले."

"माझा सख्खा भाऊ होता तो. मी नाशिकहून काविळीचं झाडपाल्याचं औषध मागवून पाठवलं त्याला. मी त्या वैद्याला शिव्या घालत बसले इतकी वर्षं. आणि तुम्ही सगळे, सगळे गंमत बघत होतात."

"ताई, कादंबरीचं—" बाबा मध्ये बोलायला गेले.

"तू बोलू नकोस, गजा." मग ती काकूला म्हणाली, "तुला मी कधी माफ करणार नाही, देवयानी."

"नका करू," काकू म्हणाली. "मीही केलं नसतं. पण आधी तपासून घ्या आणि मग आयुष्यभर रागावा माझ्यावर. कादंबरीलाही सांगा. तिला तुमच्याकडून कळू दे, पाण्याचं कारण सांगू नका."

आत्याने फोन ठेवला.

बाबांनी पानातली पोळी बोटाने सरकवली आणि म्हणाले, "मी सांगायला हवं होतं." काकू हात धुवायला उठली आणि मोरीशी बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

आत्या त्यानंतर काकूशी बोललेली नाही. दिवाळीला फोन नाही, काकूने केला तर उचलला नाही. पण परवा मला तिचा मेसेज आला, दोनच ओळी: गजाचा रिपोर्ट पाठव, इथले डॉक्टर मागतायत, मंगळवारी नळी घालणार आहेत. मी तो काकूला दाखवला. ती शाळेचे पेपर तपासत होती. तिने चष्मा वर केला, वाचला आणि पुन्हा पेपरांकडे वळली.

"माझं नाव काढलंय का?"

"नाही."

"नसू दे. दिगंबररावांचाही पाठव," ती म्हणाली. "जुना आहे, पण त्यांना तोच जास्त लागेल."